केंब्रिजचे पाळक रे. चार्ल्स सिमियन

मंडळीनें एक पाळक मागावा आणि बिशपसाहेबांनीं दुसराच पाठवावा, ही गोष्ट आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस अगदींच अपरिचित नाहीं. अशा प्रसंगीं पाळकाची व मंडळीची कशी कसोटी लागते, हें रे. चार्ल्स सिमियन यांच्या चरित्रांत पाहावयास मिळतें.

सिमियन यांचा जन्म ता. २४ सप्टेंबर १७५९ रोजीं इंग्लंडांतील रेडिंग गांवीं एका सुखवस्तु घराण्यांत झाला. ईटनच्या शाळेंत घोड्यावर बसणें व उंची पोशाख करणें यांविषयीं त्यांचा लौकिक होता, भक्तीविषयीं नव्हता. इ. स. १७७९ च्या आरंभीं ते केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजांत आले. नेमलेल्या दिवशीं प्रत्येक विद्यार्थ्यानें प्रभुभोजन घेतलेंच पाहिजे, असा तेथें नियम होता. इतरांस तो नुसता नियम वाटे. परंतु आपण अयोग्य रीतीनें त्या मेजाजवळ जाणार, या विचारानें सिमियन यांस धास्ती पडली. बिशप विल्सन यांच्या प्रभुभोजनावरील पुस्तकांत, इस्राएल लोक आपलीं पापें यज्ञपशूच्या मस्तकावर कसे ठेवीत, हें त्यांनीं वाचलें. आणि आपलेंही ओझें ख्रिस्तावर ठेवतां येतें, हें त्यांस उमजलें. त्याच वर्षीं ता. ४ एप्रिल रोजीं, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, त्यांच्या मनास शांति लाभली.

इ. स. १७८२ मध्यें त्यांस दीक्षा मिळाली, व उन्हाळ्याच्या सुटींत सेंट एडवर्ड मंदिराच्या पाळकांच्या जागीं त्यांनीं कांहीं आठवडे काम केलें. मंदिर इतकें भरूं लागलें कीं, उपासनेंत मंडळीच्या वतीनें उत्तरें म्हणणारा जो क्लार्क, त्यासही आपल्या मेजापाशीं बसावयास जागा उरेना. मूळचे पाळक परत आले तेव्हां, आतां तरी ऐसपैस बसावयास मिळेल, म्हणून त्या बिचाऱ्यास मोठा आनंद झाला, असें सांगतात!

त्याच वर्षीं होली ट्रिनिटी मंदिराचे पाळक वारले. येथें अँग्लिकन मंडळीची रीत थोडी सांगितली पाहिजे. या मंदिरावर पाळक नेमण्याचा अधिकार बिशपांचा. परंतु इमारत व बांकें यांची देखरेख चर्चवॉर्डन या सामान्य गृहस्थांकडे असे, आणि रविवारचें दुसरें व्याख्यान देण्यास मंडळी आपल्या पसंतीचा मनुष्य निवडून त्यास वर्गणीनें पैसे देई. मंडळीस आपले सहाय्यक पाळक हॅमंड हवे होते. बिशपांनीं तेवीस वर्षांच्या सिमियन यांस नेमिलें. मंडळी संतापली. तिनें व्याख्यानाचें काम हॅमंड यांस दिलें, बांकांच्या धन्यांनीं बांकांच्या दारांस कुलुपें लाविलीं आणि ते घरीं बसले.

ता. १० नोव्हेंबर १७८२ रोजीं सिमियन यांनीं तेथें पहिला उपदेश केला. ऐकावयास येत ते गोरगरीब व बाहेरचे लोक. त्यांनीं बसावें कोठें? सिमियन यांनीं स्वखर्चानें साधीं बांकें करून वाटेंत ठेविलीं, तर चर्चवॉर्डनांनीं तीं उचलून मंदिराच्या आवारांत फेकून दिलीं. संध्याकाळची उपासना सुरू केली, तर मंदिराच्या दारासच कुलूप पडलें. लोक दहा वर्षांहून अधिक काळ उभे राहून ऐकत होते. उभें राहून ऐकणें म्हणजे काय, हें ज्यांनीं झाडाखालीं उपासना केली आहे त्यांस सांगावयास नको; पण त्यांस निदान जमिनीवर तरी बसतां येतें.

सिमियन यांस कोर्टांत जातां आलें असतें. परंतु प्रभूच्या सेवकाच्या सौम्यतेविषयीं पौलानें तीमथ्यास जें लिहिलें, तें त्यांनीं मनांत धरिलें, आणि अर्ध्याच श्रोत्यांस दुप्पट आशीर्वाद मिळाला तर तोटा नाहीं, असा आपल्या मनाशीं हिशेब केला. ते जात्याच सौम्य होते असें मात्र कोणीं समजूं नये. ते मोठे शीघ्रकोपी होते. एकदां एका मित्राच्या घरीं चाकर शेगडीतला विस्तव नीट हालवीत नाहीं म्हणून त्यांनीं त्याच्या पाठीवर थाप मारिली. तेव्हां मित्रानें त्या चाकराच्या नांवानें पत्र लिहून, इतका सुंदर उपदेश करणारा मनुष्य एवढ्याशा गोष्टीवर कसा रागावतो, असें विचारिलें. सिमियन यांनीं त्या चाकरास नम्रतेनें उत्तर लिहिलें व आपला गर्व आणि चिडखोरपणा कबूल केला. माझ्या मतें ज्यास राग येतच नाहीं त्याच्या सहनशीलतेपेक्षां ही सहनशीलता मोलवान आहे.

विद्यार्थी त्यांची रस्त्यांत थट्टा करीत. असेंच एकदां खिन्न होऊन त्यांनीं नवा करार उघडला, तों कुरेनेकर शिमोनावर वधस्तंभ लादल्याचा वृत्तांत समोर आला. शिमोन म्हणजे आपलेंच नांव! येशूच्या मागें तो वाहण्याचा मान आपणांस मिळत आहे, असें वाटून त्यांचें दुःख हलकें झालें.

हळूहळू बांकें उघडलीं, आणि इ. स. १७९४ मध्यें व्याख्यानाचें कामही त्यांजकडे आलें. दरम्यान त्यांनीं मंडळींतील सामान्य माणसांस कामास लाविलें होतें. सर्वांच्या घरीं एकट्या पाळकास जातां येणें शक्य नव्हतें. म्हणून वस्तीचे भाग पाडून प्रत्येक भागावर पुरुष व स्त्रिया नेमिल्या. त्यांनीं गरिबांच्या घरीं जावें, आजारी कोण, उपाशी कोण हें पाहावें, मदत द्यावी व प्रार्थना करावी. विश्वासणाऱ्यांच्या लहान लहान टोळ्याही प्रार्थनेसाठीं जमत. इ. स. १७८८ च्या सुमारास भाकरी महागली, तेव्हां आसपासच्या खेड्यांतील गरिबांस ती अर्ध्या किंमतीनें मिळावी अशी तजवीज झाली. भटारी ती खरोखर देतात कीं नाहीं, हें पाहण्यास सिमियन दर सोमवारीं घोड्यावरून स्वतः जात. नुसती वर्गणी देऊन ते स्वस्थ बसले नाहींत.

आपल्या देशाचाही त्यांच्याशीं संबंध आहे. इ. स. १७९९ मध्यें चर्च मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तींत त्यांचा मोठा वाटा होता. त्याच सोसायटीनें इ. स. १८३२ मध्यें नाशिक येथें काम सुरू केलें. त्यांचे सहाय्यक हेन्री मार्टिन इ. स. १८०५ मध्यें हिंदुस्थानास निघाले, त्यांनीं हिंदुस्थानी व फारसी भाषांत नव्या कराराचें भाषांतर केलें, आणि इ. स. १८१२ मध्यें ते तुर्कस्थानांतील तोकात येथें वारले. दुसरे सहाय्यक थॉमसन हे कलकत्त्यास गेले. मार्टिन यांची तसबीर सिमियन यांच्या खोलींत टांगलेली असे. तिच्याकडे पाहून त्यांस वाटे कीं, ती आपणांस वेळ वायां न दवडण्याची ताकीद देत आहे.

त्यांनीं लग्न केलें नाहीं. त्याच मंदिरांत ते चोपन्न वर्षें पाळक होते. ता. १३ नोव्हेंबर १८३६ रोजीं त्यांस देवाज्ञा झाली व किंग्ज कॉलेजाच्या मंदिरांत त्यांस पुरण्यांत आलें. तो बाजाराचा दिवस होता, तरी शहरांतील मुख्य रस्त्यांवरील व्यापाऱ्यांनीं आपलीं दुकानें बंद ठेविलीं.