दुभंग वाक्याचे नामकर्ते: ऑटो येस्पर्सन

इंग्रजी भाषेचें एक प्रचंड व्याकरण सात खंडांत छापलेलें आहे. तें लिहिणारे गृहस्थ इंग्रज नव्हते, हें ऐकून आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस नवल वाटेल. त्यांची मातृभाषा डॅनिश. इंग्रजी त्यांनीं आपल्यासारखीच शिकून घेतली. त्या ऑटो येस्पर्सन ह्यांचा अल्प परिचय येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म १६ जुलै १८६० रोजीं डेन्मार्कमधील रॅनर्स गांवीं झाला. घराणें कायदेपंडितांचें, त्यामुळें १८७७ सालीं कोपनहेगनच्या विद्यापीठांत जातांच हेही कायद्याच्या अभ्यासास लागले. परंतु मन तेथें रमेना. रास्मुस रास्क ह्या थोर डॅनिश भाषापंडिताचीं व्याकरणें बालपणींच त्यांच्या हातीं पडलीं होतीं, व त्यांच्या आधारें परक्या भाषा स्वतःच्या बळावर शिकण्याचा नाद त्यांस लागला होता. (हेच रास्क १८२० सालीं मुंबईस आले होते, व पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथांच्या हस्तलिखित प्रती मायदेशीं घेऊन गेले.) अखेर १८८१ सालीं येस्पर्सन ह्यांनीं कायद्यास रामराम ठोकला. पोटासाठीं शाळेंत शिकवावें, पार्लमेंटांतील भाषणें लघुलिपींत उतरून घ्यावीं, आणि उरल्या वेळांत भाषांचा अभ्यास करावा, असे कष्ट त्यांनीं काढले. १८८७ सालीं फ्रेंच हा मुख्य विषय घेऊन ते उत्तीर्ण झाले. पुढें इंग्लंड, जर्मनी व फ्रान्स पाहून आले, व गुरु विल्हेल्म थॉम्सेन ह्यांच्या सल्ल्यावरून इंग्रजीकडे वळले. १८९३ पासून १९२५ पर्यंत ते कोपनहेगन येथें इंग्रजीचे प्राध्यापक होते.

व्याकरण म्हणजे पाठ करावयाचे नियम, ही समजूत त्यांस मान्य नव्हती. लोक जसें बोलतात व लिहितात तसें आधीं पाहावें, नियम मागाहून काढावा, असा त्यांचा बाणा. पुस्तकें वाचतां वाचतां ते वाक्यें कागदाच्या चिठ्ठ्यांवर टिपून ठेवीत. अशा अगणित चिठ्ठ्यांवर त्यांचें मोठें व्याकरण उभें राहिलें; पहिला खंड १९०९ सालीं निघाला. परभाषा कशी शिकवावी ह्यावरही त्यांनीं १९०१ सालीं पुस्तक लिहिलें, व एकमेकांशीं कांहींएक संबंध नसलेलीं सुटीं वाक्यें मुलांकडून घोकून घेण्याच्या चालीवर सडकून टीका केली. आमच्याकडील भाषांतराच्या पाठमाला ज्यांनीं भोगिल्या आहेत त्यांस ही टीका सहज पटेल.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्ही त्यांचें नांव वर्गांत वारंवार घेतों तिकडे वळूं. सीतेनें दिवा लावला, ह्याचें इंग्रजी ‘सीता लिट द लॅम्प’ असें होतें. परंतु दिवा लावलेला सर्वांस दिसतो आहे, आणि कोणी म्हणतो कीं तो गंगेनें लावला; अशा वेळीं इंग्रज म्हणेल, ‘इट वॉज सीता हू लिट द लॅम्प’. एका वाक्याचीं दोन शकलें झालीं: एकांत सीता, दुसऱ्यांत उरलेला मजकूर. असल्या रचनेस ‘क्लेफ्ट सेंटेन्स’, म्हणजे दुभंगलेलें वाक्य, हें नांव येस्पर्सन ह्यांनीं १९३७ सालीं दिलें, आणि तें अद्याप चालू आहे.

ह्या रचनेचें मर्म असें कीं दुसरें शकल ऐकणाऱ्यानें आधींच मान्य केलेलें असतें. ‘इट वॉज नॉट सीता हू लिट द लॅम्प’ म्हटलें तरी दिवा कोणी तरी लावला हें कायमच राहतें. म्हणून काल काय काय घडलें असें कोणी विचारल्यास ह्या रचनेनें आरंभ करणें शोभत नाहीं. परीक्षेंत भाषा भारदस्त दिसावी म्हणून जे विद्यार्थी ती जागोजाग पेरतात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

इंग्रजांस ही खटपट कां पडावी? येस्पर्सन ह्यांच्या मतें, इंग्रजींत कर्ता, क्रियापद, कर्म ह्यांच्या जागा बहुतेक ठरलेल्या. शब्द हलवून जोर देण्यास वाव थोडा. म्हणून ती उणीव अंशतः ह्या रचनेनें भरून निघते. फ्रेंच व डॅनिश भाषांत ती आढळते. जर्मन, स्पॅनिश ह्यांत शब्द अधिक मोकळे असल्यामुळें तिची गरज तितकी भासत नाहीं. मराठींत तर आपण एक ‘च’ जोडतों, ‘सीतेनेंच’, कीं काम झालें. फार तर ‘दिवा लावला तो सीतेनें’ असें म्हणतों. आमचे विद्यार्थी त्या ‘च’साठीं ‘सीता ओन्ली लिट द लॅम्प’ असें लिहितात. तेथें इंग्रज वाचकास, सीतेनें दिवा लावण्यापलीकडे कांहीं केलें नाहीं, असा भलताच अर्थ लागण्याचा संभव. त्या ‘च’चें खरें इंग्रजी बहुधा हें दुभंग वाक्यच होय.

येस्पर्सन ह्यांचा एक गुण आम्हांस विशेष मोठा वाटतो. ‘हू लिट द लॅम्प’ हा तुकडा आरंभींच्या ‘इट’चेंच विशेषण आहे, असें त्यांनीं १९२७ सालच्या खंडांत मांडलें होतें. दहा वर्षांनीं, सत्त्याहत्तरीच्या घरांत असतां, त्यांनीं तें मत बदललें. ‘इट वॉज’ हे शब्द जणू मध्येंच घातलेले असून पुढील शब्द उठून दिसावा एवढ्यापुरतेच आहेत, असें ते म्हणूं लागले. म्हणजे आपल्या ‘च’च्या ते बरेच जवळ आले, असें आम्हांस वाटतें. वैयाकरणांचा वाद मात्र मिटलेला नाहीं. दोन्ही पक्षांस आजही कैवारी आहेत.

१९४० च्या एप्रिलांत जर्मन फौजा डेन्मार्कांत शिरल्या. त्याच वर्षीं व्याकरणाचा पांचवा खंड प्रसिद्ध झाला, व सहावा १९४२ सालीं. देश परक्यांच्या ताब्यांत असतांनाच, ३० एप्रिल १९४३ रोजीं, रोस्किल्ड येथें येस्पर्सन वारले. सातवा खंड अपुरा राहिला होता. तो त्यांचे साहाय्यक नील्स हायस्लुंड ह्यांनीं पुरा करून १९४९ सालीं छापविला. दुभंग वाक्यांचें विवेचन त्या खंडांतही आहे.