कामगारांना बोलते करणारे नारायणराव लोखंडे

भगिनींनो, रविवारची सुटी आपल्या घरात आता इतकी मुरली आहे की, ती कोणी झगडून मिळवली असेल हे ध्यानातही येत नाही. ती मिळवणाऱ्या पुरुषाचे स्मरण आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी करणे उचित ठरेल.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यास एका गरीब घरात झाला. बेताचे शिक्षण संपताच त्यांनी नोकरी धरली. पुढे मुंबईत मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. कामगारांचे हाल त्यांनी तेथे जवळून पाहिले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही, पगाराचा दिवस नक्की नाही. आणि यांपैकी कशाविषयीही कामगाराला कोणी विचारीत नसे.

नारायणराव जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. 1880 साली नोकरी सोडून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र हाती घेतले. 1884 मध्ये सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले, तेव्हा कामगारांच्या वतीने आपणच एक अर्ज लिहून धाडणे त्यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा भरवल्या, मागण्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी अर्ज सादर केला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर जायबंदी होणाऱ्यास मदत, अशा त्या साध्या मागण्या होत्या. त्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांची संस्थाही उभी राहिली. तिला वर्गणी नव्हती, नियमांचे पुस्तक नव्हते. सभा हेच तिचे बळ होते.

सहा वर्षे गेली तरी सुटीचा पत्ता नव्हता. 24 एप्रिल 1890 रोजी नारायणरावांनी पुन्हा सभा बोलावली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत गिरणीत राबणाऱ्या दोन स्त्रिया व्यासपीठावर उभ्या राहून बोलल्या! घरातही बायकांनी मोठ्याने बोलू नये असा तो काळ. सभेचा अर्ज मालकांच्या संघाकडे गेला, आणि 10 जून 1890 रोजी आठवड्याची सुटी मंजूर झाली. 1891 च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तासही अकरावर आणले.

त्याच 1890 सालची आणखी एक गोष्ट. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा निर्धार मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला, तोही नारायणरावांच्या पुढाकाराने. कोणते काम करावे एवढेच नव्हे, तर कोणते करू नये हेही राबणारे हात ठरवू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता नारायणरावांना त्याच रोगाने गाठले, आणि पन्नाशीच्या आतच ते गेले. 2005 साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

सुटी मोलाची खरीच; पण ज्याचे काम त्याला विचारण्याची रीत त्याहून मोलाची. भगिनींनो, पुढील सभेत सतरंजीच्या कडेला गप्प बसलेल्या मैत्रिणीला आपण तिचे मत आवर्जून विचारू. नारायणरावांचे स्मरण त्यातच आहे.