विश्लेषण : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक मुलांसाठी दरवर्षी सांताची पत्रे का लिहायचे?

नाताळ जवळ आला, की लहान मुले असलेल्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. सांता दिसतो कसा आणि राहतो कुठे? डिसेंबर १९२० मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या एका घरात तीन वर्षांच्या जॉनलाही हेच कुतूहल होते. त्याच्या वडिलांनी तोंडी उत्तर दिले नाही. थेट उत्तर ध्रुवावरून आलेले पत्रच घरात हजर झाले. हे वडील म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन. या एका पत्रातून सुरू झालेली परंपरा १९४३ पर्यंत चालली. ती कशी होती आणि का थांबली, हे जाणून घेऊ.

टॉल्किन यांचे बालपण कसे होते?

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लोमफाँटेन येथे झाला. ते तीन वर्षांचे असताना आई मेबल त्यांना आणि धाकट्या भावाला घेऊन इंग्लंडला आली. वडील नोकरीसाठी मागेच राहिले. फेब्रुवारी १८९६ मध्ये चार वर्षांच्या टॉल्किन यांनी दाईकडून वडिलांसाठी एक पत्र लिहून घेतले. ते पाठवण्यापूर्वीच वडिलांची प्रकृती गंभीर असल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ते पत्र घरातच राहिले.

१९०४ मध्ये मधुमेहाने आईही गेली. तेव्हा टॉल्किन १२ वर्षांचे होते. इन्शुलिनचा शोध लागायला अजून बराच अवकाश होता. पुढे फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी पालक म्हणून दोन्ही भावांचा सांभाळ केला.

पहिल्या पत्रापूर्वी काय घडले होते?

मार्च १९१६ मध्ये टॉल्किन यांचे एडिथ ब्रॅट यांच्याशी लग्न झाले आणि काही महिन्यांतच ते पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवर गेले. शाळेपासूनच्या चौघा जिवलग मित्रांच्या गटातील दोघे त्याच वर्षी युद्धात मारले गेले. टॉल्किन खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले. नोव्हेंबर १९१७ मध्ये जॉनचा जन्म झाला. युद्धानंतर त्यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशासाठी काम केले. १९२० मध्ये ते लीड्स विद्यापीठात शिकवू लागले आणि त्याच वर्षी मायकेलचा जन्म झाला. पुढे १९२४ मध्ये ख्रिस्तोफर आणि १९२९ मध्ये प्रिसिला अशी आणखी दोन मुले झाली.

पत्रे खरी वाटावीत म्हणून काय केले जायचे?

इंग्लंडमध्ये सांताला फादर ख्रिसमस म्हणतात. पहिले पत्र अगदी छोटे होते. सोबत फादर ख्रिसमसचे आणि त्याच्या घराचे रंगीत चित्र होते. पाकिटावर उत्तर ध्रुवाचे हाताने रंगवलेले तिकीट होते. फादर ख्रिसमस फार म्हातारा आणि ध्रुवावर कडाक्याची थंडी, म्हणून त्याचे अक्षर थरथरते असायचे. मुलांना वडिलांचे हस्ताक्षर ओळखू येऊ नये, याचीही सोय त्यातच झाली.

काही पत्रे नाताळच्या सकाळी घरातच सापडायची आणि पाकिटावर बर्फही भुरभुरलेला असायचा. काही पत्रे चक्क पोस्टमन आणून द्यायचा. मुलांनी उत्तरादाखल लिहिलेल्या चिठ्ठ्या शेकोटीजवळ ठेवल्या जायच्या आणि आसपास कोणी नसताना गायब व्हायच्या.

पत्रांत काय असायचे?

सुरुवातीला चार ओळींची असलेली पत्रे पुढे मोठ्या गोष्टी झाल्या. फादर ख्रिसमसचा मदतनीस असलेले धांदरट ध्रुवीय अस्वल हे मुलांचे आवडते पात्र होते. १९२५ च्या पत्रात हे अस्वल उत्तर ध्रुवाच्या खांबावर चढते, खांब मोडतो आणि घराचे छप्पर कोसळते. पुढे गॉब्लिन नावाचे खोडसाळ भूगर्भवासी येतात आणि भेटवस्तू चोरतात. इल्बेरेथ नावाचा एल्फ सचिव म्हणून काम पाहू लागतो. अस्वलाचे अक्षर जाड, तर एल्फचे बारीक आणि वळणदार. एकाच पत्रात तिघांची अक्षरे आणि एकमेकांना मारलेले टोमणे असत. अस्वलाच्या भाच्यांना फिनिश भाषेतील नावे होती. टॉल्किन मूळचे भाषातज्ज्ञ असल्याचे इथेही दिसते.

१९२५ पासून ते ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. तरी चार मुलांच्या संसाराला हातभार म्हणून सुट्टीत ते शालेय परीक्षांचे पेपर तपासायचे. पत्रे आणि चित्रे याच धावपळीतून वेळ काढून तयार व्हायची. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या कितीतरी आधी गॉब्लिन आणि एल्फ टॉल्किन यांच्या घरातल्या नाताळात येऊन गेले होते.

पत्रे का थांबली?

मुले मोठी होत गेली तशी पत्रांच्या मायन्यातील नावे कमी होत गेली. आधी जॉन, मग मायकेल, त्यानंतर ख्रिस्तोफर. मोज्यांची जोडी टांगणे मोठ्यांनी सोडले तरी धाकट्यांसाठी पत्रे येतच राहिली. शेवटची काही वर्षे पत्र फक्त प्रिसिलासाठी असायचे. तोपर्यंत दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. पत्रांतही टंचाई आणि युद्धाचे उल्लेख येऊ लागले. टॉल्किन यांचे मुलगेही सैन्यात दाखल झाले. १९४३ च्या नाताळात प्रिसिला १४ वर्षांची होती. त्या वर्षी फादर ख्रिसमसने निरोपाचे पत्र लिहिले. सांता खरा की खोटा, याचा खुलासा त्यात नव्हता. जुन्या मित्रांची पत्रे तो जपून ठेवतो आणि त्यांना मुले झाली, की परत येण्याची आशा बाळगतो, एवढेच त्याने कळवले.

पत्रांचे पुढे काय झाले?

मुलांनी पत्रे जपून ठेवली. टॉल्किन यांचे २ सप्टेंबर १९७३ रोजी निधन झाले. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, त्यांच्या सूनबाई बेली टॉल्किन यांनी निवडक पत्रे संपादित करून पुस्तकरूपात आणली. मूळ पत्रे आणि चित्रे आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत. छापण्यासाठी नव्हे, तर घरातल्या चार मुलांसाठी लिहिलेली ही पत्रे आज जगभरातील आई-वडील नाताळात आपल्या मुलांना वाचून दाखवतात.