मुलं कुणाची? बेझंटबाई दोनदा कोर्टात

अ‍ॅनी बेझंट म्हटलं की तुम्हाला आठवते होमरूल लीग आणि १९१७ चं काँग्रेसचं अध्यक्षपद. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण मुलांच्या ताब्यासाठी कोर्टाची पायरी चढलेल्या बेझंटबाई पुस्तकात भेटत नाहीत.

१८४७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या अ‍ॅनीचं विसाव्या वर्षी फ्रँक बेझंट या पाद्रीशी लग्न झालं. पुढे तिची धर्मावरची श्रद्धाच उडाली. १८७३ मध्ये दोघं वेगळे झाले. मुलगा डिग्बी वडिलांकडे, धाकटी मेबल आईकडे. १८७७ मध्ये संततिनियमनाचं पुस्तक छापलं म्हणून अ‍ॅनीवर खटला झाला. शिक्षा पुढे रद्द झाली, पण फ्रँकला आयता मुद्दा मिळाला. आई नास्तिक, त्यात असलं पुस्तक छापणारी, म्हणून कोर्टाने १८७८ मध्ये सात वर्षांच्या मेबलला वडिलांकडे सोपवलं. अपीलही फेटाळलं गेलं. मोठी झाल्यावर मात्र दोन्ही मुलं आपणहून आईकडे आली.

१८९३ मध्ये बेझंटबाई भारतात आल्या. १९१० मध्ये नारायणय्या यांनी जे. कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद या आपल्या मुलांचं पालकत्व लिहून दिलं. बाईंनी मुलांना इंग्लंडला नेलं. मग वडिलांचं मन फिरलं आणि १९१२ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये दावा लावला. बाई स्वतःच आपली बाजू मांडायला उभ्या राहिल्या आणि हरल्या. अपिलातही हरल्या. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. मुलं इंग्लंडमध्ये राहतात, तेव्हा दाद तिथल्या कोर्टात मागायला हवी होती. शिवाय मुलांचं हित आणि इच्छा बघायला हवी होती, असं ठरलं.

आता बघा, पहिल्यांदा मूल गमावलेली आई बेझंटबाईच होत्या. दुसऱ्यांदा त्या जिंकल्या, तेव्हा रिकाम्या हाताने परतला तो एक बाप.

आजही आई किंवा बाबा मुलाला घेऊन परदेशी निघाले की हेच प्रश्न कोर्टात येतात: कुठलं कोर्ट, कुणाचा हक्क, मुलाचं भलं कशात? आपल्याकडचा १८९० चा पालक व पाल्य कायदा सांगतो, की मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं. तुमच्या वर्गात असं दोन घरांत वाढलेलं कुणी असेल, तर तुम्ही त्याच्या आईची किंवा बाबांची बाजू घेऊ नका. आधी त्याचं ऐका.