काचेवरचे अमरत्व : फ्रेडरिक स्कॉट आर्चर

नाणी व टपालतिकिटे जमविण्याचा छंद आपल्या परिचयाचा आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र काही हौशी मंडळी तळहातावर मावतील अशा जुन्या डब्या जमवितात. डबी उघडली की एका बाजूस मखमलीची गादी आणि दुसऱ्या बाजूस पितळी चौकटीत बसविलेले, काचेवरचे छायाचित्र दिसते. त्यात कुणी शिपाई असतो, कुणी नवपरिणीत जोडपे, तर कुणी हातात अवजार घेऊन बसलेला कारागीर. बहुतेकांची नावे आज कुणालाच ठाऊक नाहीत. या छायाचित्रांना ‘अँब्रोटाइप’ म्हणतात. ज्याच्या शोधामुळे या अनामिक माणसांचे चेहरे टिकून राहिले, त्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरचे जीवन आपण विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

आर्चरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात झाला. वडील खाटकाचा व्यवसाय करीत. तरुणपणी तो लंडनला एका सोन्याचांदीच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. तेथे जुनी नाणी हाताळता हाताळता त्यांवरच्या मुद्रांनी त्याला वेड लावले आणि तो शिल्पकलेकडे वळला. माणसांचे अर्धपुतळे घडविताना समोर चित्र असावे, म्हणून १८४७ च्या सुमारास तो छायाचित्रण शिकला. म्हणजे ज्या कलेने त्याचे नाव राखले, ती त्याने केवळ दुसऱ्या कलेला मदत म्हणून हाती घेतली होती!

त्या वेळी छायाचित्रणाच्या दोन पद्धती प्रमुख होत्या. फ्रान्सच्या दागेरची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अत्यंत रेखीव चित्र उमटे. पण ते महाग पडे आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडच्या टॅलबटने १८४१ साली कागदावरील पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात प्रती निघत, पण कागदाच्या तंतूंमुळे चित्र पुसट येई. शिल्पकाराच्या नजरेला हा पुसटपणा खपण्यासारखा नव्हता. कागदाऐवजी काच घेतली तर? पण गुळगुळीत काचेवर रसायन टिकणार कसे?

याचे उत्तर आर्चरला कोलोडिअनमध्ये सापडले. इथर व अल्कोहोल यांत विशिष्ट प्रकारचा कापूस विरघळवून हा चिकट द्रव करतात. डॉक्टर तो जखमेवर लावीत. आर्चरने त्यात आयोडाइड मिसळून तो काचेवर ओतला, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडविली आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घातली. काच वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, सारे काम उरकावे लागे. अंधारखोली जवळच हवी, हात काळे होणार हे ठरलेलेच. पण काही सेकंदांत स्वच्छ, बारकाव्यांसह चित्र मिळू लागले. मार्च १८५१ मध्ये ‘द केमिस्ट’ या नियतकालिकात त्याने ही सारी कृती छापून टाकली. पेटंट घेतले नाही.

पुढे त्याने व पीटर फ्राय याने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काचेवरचे फिके उलटे चित्र काळ्या पार्श्वभूमीवर ठेवले की ते सुलटे दिसते. काचेमागे काळा रोगण किंवा काळे कापड लावले की झाले! हेच अँब्रोटाइप. नाजूक काच जपण्यासाठी ती डबीत बसवीत. काही डब्या लाकडावर चामडे मढवून केलेल्या असत, तर काही लाख व लाकडाचा भुसा यांच्या मिश्रणातून साच्यात दाबून काढलेल्या. किंमत दागेरच्या पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी. जे घर चित्रकाराला कधी बोलावू शकले नसते, त्या घरातही आता चेहरे जपले जाऊ लागले. माझ्या आजोबांचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. ते कसे दिसत हे मी आजीच्या तोंडूनच ऐकले आहे. म्हणूनच या स्वस्ताईचे मोल मला मोठे वाटते.

आर्चरच्या वाट्याला मात्र काय आले? काचेची पद्धतही आपल्याच पेटंटमध्ये मोडते, असा दावा टॅलबटने केला. लारोश नावाच्या छायाचित्रकारावर त्याने खटला भरला. डिसेंबर १८५४ मध्ये ज्यूरीने लारोशच्या बाजूने कौल दिला आणि आर्चरची पद्धत सर्वांना मोकळी झाली. त्याच वर्षी अमेरिकेत जेम्स अँब्रोज कटिंगने काचेवरील चित्रांसंबंधी पेटंटे मिळविली. ‘अँब्रोटाइप’ हे नाव ‘अमर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. त्यात कटिंगच्या नावाचाही ध्वनी आहे. आर्चरचा मात्र त्यात मागमूस नाही. आपल्या मुंबईतही १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे छायाचित्रकार. ही कला किती झपाट्याने पसरत होती, हे यावरून ध्यानात यावे.

मे १८५७ मध्ये आर्चर वारला. त्याने वयाची पंचेचाळिशीही गाठली नव्हती. घरात पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढून ७४७ पौंड जमविले. वर्षभरातच पत्नीही गेली. तीन पोरक्या मुलांना सरकारने सालिना ५० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याची कबर आहे. आजही ओल्या काचेची पद्धत वापरणाऱ्या कलावंतांनी २०१० साली तेथे त्याचा स्मृतिफलक बसविला.

आर्चरला व्यवहार कळला नाही, असे कुणी म्हणेल. मुलांच्या हालांकडे पाहिले तर ते खोटेही म्हणवत नाही. परंतु टॅलबटप्रमाणे त्यानेही प्रत्येक छायाचित्रकाराकडून दाम मागितले असते, तर त्या कारागिराला आपली डबी परवडली असती का? २०१० सालीच एका अमेरिकन कुटुंबाने यादवी युद्धातील सैनिकांची अशी शेकडो छायाचित्रे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला भेट दिली. त्यांत सेनापतींपेक्षा साधे शिपाईच अधिक आहेत. इतिहासात ज्यांच्यासाठी एक ओळही राखलेली नव्हती, त्यांना आर्चरने चेहरा दिला. त्याची किंमत त्याच्या मुलांनी मोजली, हेही आपण विसरू नये.