फिलिप मेडोज टेलर

फिलिप मेडोज टेलर (२५ सप्टेंबर, १८०८ : लिव्हरपूल, इंग्लंड – १३ मे, १८७६ : मांतों, फ्रान्स) हे हैदराबादच्या निजामाच्या सेवेतील ब्रिटिश लष्करी व मुलकी अधिकारी, कादंबरीकार आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक होते. कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) ही त्यांची पहिली आणि सर्वाधिक गाजलेली कादंबरी होय. सोलापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या तुळजापूर आणि नळदुर्ग या दोन्ही ठिकाणी त्यांनी अधिकारी म्हणून काम केले. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर लिहिलेली तारा (१८६३) ही त्यांची कादंबरी मराठी वाचकाला विशेष जवळची आहे. त्यांच्या ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या संग्राहकांकडून मागितल्या जातात. त्या ओळखताना लेखकाचे चरित्रच अनेकदा उपयोगी पडते.

पूर्वायुष्य

टेलर यांचे वडील लिव्हरपूल येथे व्यापारी होते. व्यापारात ओढाताण झाल्यामुळे मुलाला वयाच्या पंधराव्या वर्षीच मुंबईतील एका व्यापारी पेढीवर पाठविण्यात आले. १८२४ मध्ये ते मुंबईस पोचले, तेव्हा पेढीची स्थिती सांगितल्याप्रमाणे नव्हती. मुंबई सरकारातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खटपटीमुळे त्याच वर्षी त्यांना निजामाच्या फौजेत अधिकारपद मिळाले. ही नेमणूक कंपनी सरकारच्या सैन्यातील नव्हती, हे लक्षात ठेवावे लागते. कंपनीच्या अधिकाऱ्यांना मिळणारी बढती आणि प्रतिष्ठा टेलर यांच्या वाट्याला सहजासहजी आली नाही. दुसरीकडे, छावणीबाहेरच्या लोकांत वावरण्याची संधी त्यांना याच नोकरीने दिली. मराठी, हिंदुस्थानी आणि फारसी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या.

१८२७ च्या सुमारास निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पोलीस व्यवस्थेत त्यांची साहाय्यक अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे ठाणे तुळजापूर येथे होते. भवानीच्या यात्रेला दूरदूरहून येणारे लोक, डोंगर चढून जाणारी वाट, देवळाच्या पायऱ्या आणि पुजाऱ्यांची घरे हे सारे त्यांनी विशीच्या आतबाहेरच्या वयात पाहिले. या भागातील वाटमाऱ्यांचा आणि वाटसरूंच्या गूढ मृत्यूंचा तपासही त्यांनी हाती घेतला होता; परंतु तो पुरा होण्याआधीच त्यांना पलटणीत परतावे लागले.

१८३२ मध्ये त्यांचा विवाह हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी झाला. विल्यम पामर यांची आई भारतीय होती. त्यामुळे या विवाहाने टेलर यांचा हैदराबादच्या उमराव घराण्यांशी असलेला संबंध अधिक घट्ट झाला.

कन्फेशन्स ऑफ अ ठग

१८३० च्या दशकात विल्यम स्लीमन यांनी ठगांविरुद्ध मोठी मोहीम चालविली. हैदराबादेत माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या नोंदविण्याच्या कामात टेलर यांचाही सहभाग होता. या सामग्रीवरून त्यांनी अमीर अली हा नायक उभा केला. तो आपल्या हत्यांची कहाणी एका गोऱ्या साहेबापुढे स्वतःच सांगतो. साहेब क्वचितच मध्ये बोलतो, आणि वाचकाला खुन्याच्या बोलण्याची गोडी लागते. कादंबरीचे बळ येथेच आहे.

टेलर रजेवर इंग्लंडमध्ये असताना १८३९ मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटली यांनी ही कादंबरी प्रसिद्ध केली. छपाई चालू असतानाच राणी व्हिक्टोरियाने तिचे फर्मे मागवून वाचले, असे टेलर यांच्या आत्मचरित्रावरून दिसते. पुढील वर्षी टिपू सुलतान ही दुसरी कादंबरी निघाली. १८४० ते १८५३ या काळात ते लंडनच्या टाइम्सचे वार्ताहरही होते.

ठगी हा खरोखर धर्माने बांधलेला, देशभर पसरलेला संप्रदाय होता की निरनिराळ्या टोळ्यांच्या गुन्ह्यांना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी दिलेले एकसंध रूप होते, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. माफीच्या आशेने दिलेल्या जबान्यांवर ही कादंबरी आधारलेली असल्यामुळे तिचा इतिहासाचे साधन म्हणून वापर करताना सावधगिरी आवश्यक ठरते.

सुरपूर, नळदुर्ग आणि बुलढाणा

१८४० च्या दशकाच्या आरंभी टेलर यांच्याकडे सुरपूर (शोरापूर) या बेरड संस्थानाचा कारभार आला. राजा वेंकटप्पा नायक अल्पवयीन होता. टेलर यांना तो आप्पा म्हणत असे. सुमारे दहा वर्षांच्या कारभारानंतर १८५३ मध्ये राजाच्या हाती सत्ता सोपवून टेलर तेथून निघाले. याच काळात त्यांनी सुरपूर परिसरातील महापाषाणयुगीन दफनस्थळांचे उत्खनन केले. दख्खनमधील अशा स्थळांच्या पद्धतशीर अभ्यासात त्यांचे नाव आरंभीच्या संशोधकांत घेतले जाते.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग हे प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिले. नळदुर्ग जिल्ह्यावर टेलर यांची नेमणूक झाली. त्यांचे निवासस्थान बोरी नदीकाठच्या किल्ल्यातच होते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातील बंधारा आणि त्यातील पाणीमहाल याच किल्ल्यात आहे. जमिनीची मोजणी करून महसुलाची घडी बसविणे हे त्यांचे येथील मुख्य काम होते. १८६० मध्ये नळदुर्ग पुन्हा निजामाकडे गेला.

१८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. तेथे नियमित गोरी फौज हाताशी नसताना त्यांनी कारभार चालू ठेवला. सुरपूरच्या तरुण राजाने मात्र १८५८ मध्ये बंड केले. बंड मोडल्यावर टेलर यांनाच पुन्हा तेथे धाडण्यात आले. फाशीची शिक्षा रद्द होऊन कैदेत रवाना होत असताना राजाचा पिस्तुलाच्या गोळीने मृत्यू झाला. ज्या मुलाला वाढविले त्याच्याच संस्थानाची विल्हेवाट लावण्याचे काम टेलर यांच्या वाट्याला आले. आत्मचरित्रातील सर्वांत वाचनीय भागही हाच आहे.

तारा आणि नंतरचे लेखन

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० मध्ये टेलर भारत सोडून गेले आणि डब्लिनजवळ राहू लागले. तेथे त्यांनी शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या तीन कादंबऱ्या लिहिल्या : तारा (१६५७), राल्फ डार्नेल (१७५७) आणि सीता (१८५७). तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या पुरोहिताची विधवा कन्या. तिच्या कथेत अफझलखानाचा मुलगा फाझल आणि तुळजापूरवरील चाल गुंफलेली असून शेवटी अफझलखानाचा वध येतो. हा वध १० नोव्हेंबर, १६५९ रोजी झाला. शतकांचा हिशेब जुळविण्यासाठी कादंबरीकाराने तो दोन वर्षे मागे ओढला आहे. मराठी वाचकाने तारखांसाठी नव्हे, तर स्थळवर्णनासाठी हे पुस्तक उघडावे.

१८६९ मध्ये त्यांना सी. एस. आय. हा किताब मिळाला. भारताच्या इतिहासावरील त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक १८७० मध्ये निघाले. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली. हैदराबादची शेवटची भेट आटोपून परतताना मांतों येथे त्यांचे निधन झाले. चांदबिबीवरील अ नोबल क्वीन ही कादंबरी १८७८ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाली.

पहिल्या आवृत्त्यांची ओळख

एकोणिसाव्या शतकातील साहसकथांच्या पहिल्या आवृत्त्या सर्वत्र एकाच रीतीने ओळखता येत नाहीत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची चाचेगिरीवरील ट्रेझर आयलंड ही कादंबरी कॅसेल कंपनीने १८८३ मध्ये एका खंडात काढली. तिच्या आरंभीच्या प्रती छपाईतील चुकांवरून ओळखतात. उदाहरणार्थ, ८३ या पृष्ठांकातील ८ हा आकडा उमटलेला नसणे. टेलर यांच्या कादंबऱ्या मात्र त्याआधीच्या, तीन खंडांच्या पद्धतीतील आहेत. अशा संचाची किंमत सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे तो मुख्यतः वर्गणी घेणाऱ्या ग्रंथालयांकडे जाई. तेथे खंड निरनिराळ्या हातांत फिरत आणि पुन्हा बांधले जात. बांधणीत अर्धशीर्षकपाने आणि शेवटच्या जाहिराती काढून टाकल्या जात. म्हणून तिन्ही खंड मुळात एकाच संचातील आहेत का, हे आधी पाहावे लागते. बांधणी सारखी दिसली तरी कागदावरचे डाग, कसरीची भोके आणि जुन्या मालकाच्या सह्या तिन्ही खंडांत जुळतात का, हे तपासणे श्रेयस्कर असते.

कन्फेशन्स ऑफ अ ठगच्या पहिल्या आवृत्तीवर रिचर्ड बेंटली, लंडन आणि १८३९ ही नोंद असून लेखक निजामाच्या सेवेतील कॅप्टन म्हणून येतो. ताराची पहिली आवृत्ती १८६३ मध्ये ब्लॅकवुड यांनी तीन खंडांत काढली. तिच्यावरही लेखक कॅप्टनच आहे. सीता (हेन्री एस. किंग, १८७२) निघेपर्यंत तो कर्नल आणि सी. एस. आय. झालेला होता. त्यामुळे ज्या प्रतीच्या शीर्षकपानावर सी. एस. आय. ही अक्षरे आहेत, ती १८६९ पूर्वीची असू शकत नाही. बाजारात ठग आणि तारा यांच्या ज्या एकखंडी प्रती सापडतात, त्या बहुधा अशाच नंतरच्या असतात.

पानावर वर्ष नसेल तर प्रकाशन संस्थेचे बदलते नाव कामी येते. हेन्री एस. किंग यांचा व्यवसाय १८७७ च्या सुमारास सी. केगन पॉल यांच्याकडे गेला. १८८१ पासून त्या नावात ट्रेंच आले आणि १८८९ नंतर ट्र्युब्नर जोडले गेले. तिन्ही नावे एकत्र असलेली प्रत लेखकाच्या मृत्यूनंतर किमान तेरा वर्षांनी छापलेली असते.

द स्टोरी ऑफ माय लाइफ हे आत्मचरित्र त्यांची कन्या ॲलिस हिने संपादित केले आणि ब्लॅकवुड यांनी १८७७ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. १९२० मध्ये हेन्री ब्रूस यांनी संपादित केलेली ऑक्सफर्डची आवृत्ती निघाली. नळदुर्ग आणि तुळजापूरचा अभ्यास करणाऱ्यास ही नंतरची आवृत्ती पुरेशी आहे. संग्राहक मात्र १८७७ च्या दोन खंडांचाच शोध घेतात.