रँग्लर परांजपे आणि माझे अडलेले गणित

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गाव गंगाखेड तालुक्यात, वडिलांची शेती कोरडवाहू. बी. ए. ला गणित घेतले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. त्यात सहामाही परीक्षेत अन्वस्तावर, म्हणजे पॅराबोलावर, प्रश्न आला आणि मी कोरा कागद देऊन उठले. सूत्र पाठ होते, पण ते शिरोबिंदू आरंभबिंदूवर असतानाचे. प्रश्नातील नाभी भलत्याच ठिकाणी होती. विषय बदलून मिळावा असा अर्ज मी लिहून ठेवला. त्याच सुमारास रँग्लर परांजपे यांचे चरित्र माझ्या वाचनात आले.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात झाला. नात्यातले अण्णासाहेब कर्वे, म्हणजेच पुढचे महर्षी कर्वे, यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईला आपल्या घरी नेले. १८९१ साली कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. रघुनाथरावांनीही तेथेच शिक्षण घेतले. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते १८९६ साली केंब्रिजला गेले.

तेथील गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यास रँग्लर म्हणत, आणि सर्वांत पहिल्यास सीनियर रँग्लर. १८९९ साली हा मान परांजपे यांना बर्टविसल यांच्याबरोबर विभागून मिळाला. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परतल्यावर त्यांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु ते अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये रुजू झाले आणि १९०२ पासून अनेक वर्षे तेथील प्राचार्य राहिले. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ व पुणे विद्यापीठांचे कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. ६ मे १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. एवढी पदे भूषवूनही महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते रँग्लर म्हणूनच.

हे वाचून प्रथम मी हिरमुसलेच. त्यांना घरातच कर्वे लाभले. आमच्या घरी क्ष आणि य कोणाला विचारावे? मग वाटले, फर्ग्युसनच्या वर्गात शिकवायला उभे राहिलेले परांजपे हे, ज्यांच्या घरी कर्वे नाहीत अशा मुलांसाठीच तर परतले नव्हते ना? आपल्यालाही वर्ग आहे आणि अध्यापक आहेत. मी वही घेऊन सरांकडे गेले.

सर म्हणाले, सूत्र बाजूला ठेव, व्याख्या सांग. नाभी हा एक स्थिर बिंदू, नियत रेषा ही एक स्थिर रेषा. दोघांपासून ज्याचे अंतर सारखे, तो बिंदू अन्वस्तावर. बस्स, एवढेच.

प्रश्नात नाभी (३, २) होती आणि नियत रेषा क्ष = −१. बिंदू (क्ष, य) घेतला. नाभीपासूनच्या अंतराचा वर्ग आणि रेषेपासूनच्या अंतराचा वर्ग समान मांडले:

(क्ष − ३)² + (य − २)² = (क्ष + १)²

दोन्ही बाजूंचा क्ष² गेला. उरले (य − २)² = ८(क्ष − १). शिरोबिंदू (१, २), नाभी आणि रेषा यांच्या बरोबर मध्ये. जे महिनाभर पाठ करून जमले नाही, ते चार ओळींत उलगडले.

सुगीत मचाणावर उभी राहून मी गोफण फिरवत असे. सुटलेला दगड हवेत जी कमान काढतो, ती वाऱ्याचा अडथळा सोडला तर अन्वस्तच, असे सरांनी जाता जाता सांगितले. म्हणजे या वक्राची आणि माझी ओळख जुनीच होती, फक्त त्याचे नाव ठाऊक नव्हते.

तो अर्ज मी दिला नाही. पाठकोरा कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून त्याच्या मागच्या बाजूवर पुढची दोन गणिते सोडवली आहेत.